केडगावच्या माळावरच्या मुली

देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई ही पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन उघडलं आणि ही आपल्या कोकणातली मुलगी तिथं शिकायला बसली. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ला, मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. मुरूड गावानं कर्व्यांवर बहिष्कार घातला. रत्नागिरी जिल्ह्यात हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण रमाबाई परक्याला जवळ करायला कुठं शिकल्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

गोदूबाईला जवळ करणं, खरं सांगायचं तर, अवघड नव्हतं. ती रमाबाईंच्याच ज्ञातीची, शिकायला उत्सुक, उपकार जाणणारी. अशा माणसाबद्दल आपल्या सर्वांनाच कळवळा येतो. जो उपकार जाणत नाही, चोरी करतो, तोंड टाकून बोलतो, त्याचं काय?

रमाबाईंनी दारिद्र्य भोगलं होतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडायचं. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा हजारो मैल पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं म्हणून वाळूत खड्डे खणून, डोकं तेवढं बाहेर ठेवून ही भावंडं निजली. पण हलकं काम करणं किंवा भीक मागणं ब्राह्मणाच्या अभिमानाला मानवत नव्हतं, हेही त्यांनी पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे. मला हा कबुलीजबाब फार मोलाचा वाटतो. भुकेनं माणूस आपोआप दयाळू होत नाही.

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या एका घरी नेलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथं आसरा दिला जाई. या भगिनी त्यांच्याशी प्रेमानं वागत होत्या. अशा बाईला गावाबाहेर घालवायचं, हेच रमाबाईंनी आजवर पाहिलेलं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे होऊन गेलेली, परक्या जातीची ती बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो. सोवळ्यात वाढलेल्या मुलीला यातली मेख कळायला वेळ लागला नसणार! त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

शिकलेला धडा वापरायची वेळ तेरा वर्षांनी आली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या अन्नछत्रांतून आणि छावण्यांतून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग होता. सरकारी अधिकाऱ्यानं त्यांना शहरात ठेवायला मनाई केली, म्हणून केडगावच्या शेतावर राहुट्या आणि छपरं उभी करावी लागली.

या मुली गोदूबाईसारख्या नव्हत्या. उपासानं हाडाची काडं झालेली, अंगावर उवा-खरूज, भाषा वेगळी, जात वेगळी. पुढच्या जेवणावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मिळालेलं अन्न लपवायचं. खोटं बोलणं, भांडणं, पळून जाणं हेही आलंच. शारदासदनातल्या जुन्या मुलींनी या नव्या मुलींची जबाबदारी वाटून घेतली. काल स्वतः आश्रित असलेली मुलगी आज दुसरीचे केस विंचरू लागली.

इथं माझी एक गोष्ट सांगतो. आमच्या एसटी स्टँडवर एक म्हातारी बसायची. एकदा मी तिला वडापाव दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि शिळा म्हणून मला शिवी हासडली. त्यानंतर कितीतरी महिने मी वळसा घालून दुसऱ्या बाजूनं स्टँडवर शिरत असे. एका शिवीत माझी दया आटली. केडगावात तीनशे जणी होत्या, आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, तेव्हा संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

यात धर्मांतर होतं, हे लपवण्याचं कारण नाही. १८९३मध्ये त्याच आक्षेपावरून रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’नं तर रान उठवलं. गोदूबाई मात्र तिथं राहूनही हिंदूच राहिली. आक्षेप खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण छावणीतल्या त्या खरुजलेल्या मुलींना घरी न्यायला आक्षेप घेणाऱ्यांची रांग लागली नव्हती, एवढं नोंदवून ठेवतो.

१८९९च्या सुमारास केडगावात रमाबाईंनी ‘कृपासदन’ सुरू केलं. ते फुलहॅमच्याच धर्तीवर, टाकलेल्या स्त्रियांसाठी होतं. आंधळ्यांसाठी वेगळं सदन झालं. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, सगळी कामं बायकाच करत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवणाऱ्या हातांपैकी काही हात कधीकाळी भाकरी चोरून पदराखाली लपवणारे होते.