गुळवेल, संगणक आणि परळचा धडा

"डॉक्टर, गुळवेलीने विषाणू मरतो हे संगणकाने सिद्ध केलंय ना?" कोविडच्या काळात दवाखान्यात हा प्रश्न अनेकदा आला. रुग्ण मोबाइल पुढे करत, त्यावर एखाद्या संशोधनाची बातमी असे. बातमी बहुधा खोटी नसायची, पण ती अर्धीच असायची. उरलेली अर्धी गोष्ट समजून घ्यायला थोडे मागे जाऊन परळला पोहोचावे लागेल.

सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. तिने रक्तदाब उतरतो हे कोलकात्याच्या डॉक्टरांनी १९३१ मध्ये लिहिले होते, पण बाहेरच्या जगाने फारशी दखल घेतली नाही. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा दिली, रक्तदाब आधी किती आणि नंतर किती याची नोंद ठेवली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापली. मग जग जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. हे औषध जगभर वापरले गेले. जास्त मात्रेत काहींना नैराश्य येते, हेही रुग्णांकडे लक्ष ठेवल्यामुळेच कळले.

पुढे केईएममध्येच डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा अभ्यास केला. पित्तनलिकेत अडथळा येऊन कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन काय फरक पडतो, हे त्यांनी तपासले. ते निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे वनस्पती ओळखीची होती, मात्रा ठरलेली होती आणि डॉक्टर शेजारी होते.

आता संगणकाकडे येऊ. २०१८ मध्ये चेन्नईच्या गणिती विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १७४२ भारतीय औषधी वनस्पतींमधील साडेनऊ हजारांहून अधिक द्रव्यांची सूची खुली केली. २०२० च्या सुरुवातीला कोरोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचा आकारही सगळ्यांना उपलब्ध झाला. प्रथिन म्हणजे कुलूप आणि द्रव्य म्हणजे किल्ली असे समजा. संगणक एकेक किल्ली लावून पाहतो आणि ती किती घट्ट बसते याचे गुण देतो. हे काम स्वस्त, झटपट आणि उपयोगी आहे, कारण हजारो द्रव्यांतून प्रयोगशाळेत आधी काय तपासावे हे त्यातून ठरवता येते. गुळवेल, तुळस, अश्वगंधा, हळद या सगळ्यांतली द्रव्ये अशा याद्यांत आली.

पण गिळलेले द्रव्य रक्तात पोहोचेल का, यकृत त्याचे काय करेल, मात्रा किती लागेल, हे त्या गुणांवरून कळत नाही. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते. अशा चाळणीत ते पास झाले, तरी पोटातून रक्तात जाण्याची अडचण उरतेच.

याची किंमत मुंबईत दिसली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद इथल्या यकृततज्ज्ञांनी केली. त्यांतल्या, आधीच यकृताचा आजार असलेल्या एका महिलेचा मृत्यू झाला. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वापरलेली वनस्पती गुळवेलच होती का, असा त्यांचा प्रश्न होता. पण तुम्ही-आम्ही तरी दारातली वेल तोडून काढा करताना ती नेमकी कोणती, हे कुठे तपासतो?

म्हणून पुढच्या वेळी 'संगणकाने सिद्ध केले' असे वाचलेत, तर एकच प्रश्न विचारा: किती माणसांना दिले आणि त्यांचे काय झाले? उत्तर नसेल, तर ती औषधाची फक्त सुरुवात आहे. आणि कोणताही काढा घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. थकवा वाटला, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा थांबवा आणि लगेच दाखवायला या.