सात-बारा नसलेली जमीन आणि जिनिव्हाचा कागद

आदिवासींच्या जमिनीच्या हक्काचा पहिला आंतरराष्ट्रीय करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं केला, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. या संघटनेचा संबंध कामाचे तास आणि मजुरीशी. तिला जमिनीशी काय घेणं?

उत्तर वेठबिगारीत सापडलं. १९१९मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेनं वसाहतींमधल्या सक्तीच्या मजुरीची तपासणी सुरू केली आणि १९३०मध्ये तिच्याविरुद्ध करार केला. पण माणूस वेठीला का जुंपला जातो, याचा माग काढत गेलं की बहुतेकदा हातून गेलेली जमीनच सापडते. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांची हीच कहाणी. जमिनी जमीनदार-सावकारांकडे गेल्या आणि मूळ मालक त्याच शेतांवर फुकट राबू लागले. लग्नासाठी कर्ज घेतलेला वारली सावकाराचा 'लग्नगडी' व्हायचा. १९४५मध्ये त्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मेले.

१९५७मध्ये करार क्रमांक १०७ आला आणि १९५८मध्ये भारतानं त्याला मंजुरी दिली. त्याची भाषा आज खटकते. आदिवासी 'कमी प्रगत' आहेत, त्यांना हळूहळू इतरांत सामावून घ्यायचं, असा तिचा सूर. तरी त्यातलं ११वं कलम स्पष्ट आहे: परंपरेनं ताब्यात असलेल्या जमिनीवरची मालकी, वैयक्तिक असो वा सामूहिक, मान्य करावी. म्हणजे सात-बारा असलाच पाहिजे, असं नाही.

या कलमाची कसोटी नर्मदेवर लागली. सरदार सरोवरासाठी १९८५मध्ये जागतिक बँकेनं ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बुडीतात येणार होती. तिथली कित्येक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या जंगलजमीन कसत होती. सरकारी दप्तरात मात्र ते 'अतिक्रमण' होतं. मग जमिनीच्या बदल्यात जमीन मागायची कशी?

१९९२मध्ये बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं हा प्रश्न करार १०७च्या कसोटीवर तपासला आणि बँकेला मागं हटायचा सल्ला दिला. १९९३मध्ये भारतानं उरलेलं कर्ज सोडलं. पुढे २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं धरणाला परवानगी दिली. तोच करार न्यायालयासमोर होता, पण नीट पुनर्वसन होत असेल तर विस्थापन म्हणजे आपोआप हक्कभंग नव्हे, असा त्याचा अर्थ लावला गेला.

एकाच कागदाचे दोन अर्थ कसे निघाले? मला याचं कारण १२व्या कलमात दिसतं. संमतीशिवाय हलवू नये, असं ते सांगतं आणि लगेच आर्थिक विकासासाठी अपवाद करतं. १९८९च्या करार १६९नं लोकांशी सल्लामसलत बंधनकारक केली आणि स्थलांतरासाठी माहितीपूर्ण संमतीची अट घातली. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. आपण १०७वरच थांबलो आहोत.

२००६च्या वनहक्क कायद्यानं मात्र आपल्याच संसदेकडून 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द वदवले. कसणाऱ्याचं अतिक्रमण हा अखेर हक्क ठरला. तोवर मणिबेली पाण्यात जाऊ लागल्याला तेरा वर्षं झाली होती.