वादसभा आणि मध्यस्थ

सभेत कोणास किती बोलू द्यावे आणि कोठे आवरावे, हा प्रश्न आपल्या देवस्थानांच्या सभांतून वरचेवर उपस्थित होतो. परंतु हा प्रश्न नवा नाही. आपल्या पूर्वजांनी त्याचा फार बारकाईने विचार केला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याच्या निर्णयासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करीत राहणे ही वितंडा. बोलणारा जेथे हरला असे समजावे, अशी बावीस निग्रहस्थानेही तेथे दिली आहेत. विषय सोडून भलतेच बोलणे, तेच ते पुन्हा सांगणे, ही त्यांपैकीच. सभेस कळलेले व प्रतिपक्षाने तीनदा उच्चारलेले विधान ज्यास अनुवादून दाखविता येत नाही, तोही हरला. आणि निर्दोषावर दोष ठेवणारा तर स्वतःच दोषी. मात्र अमुक मत मांडूच नये, असे या बाविसांत कोठेही नाही. बंधन आहे ते बोलण्याच्या रीतीवर.

ही रीत मोडली म्हणजे काय होते, हे 1869 साली काशीस दिसून आले. स्वामी दयानंद सरस्वती तेथे येऊन मूर्तिपूजेस वेदांचा आधार नाही असे प्रतिपादू लागले, तेव्हा काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या अध्यक्षतेखाली 16 नोव्हेंबर रोजी आनंदबागेत शास्त्रार्थ ठरला. एका बाजूस एकटे स्वामी. दुसऱ्या बाजूस विशुद्धानंद सरस्वती, ताराचरण तर्करत्न आणि काशीचे महाराष्ट्रीय पंडित बाळशास्त्री रानडे यांच्यासारखे नामांकित विद्वान. भोवती अफाट जनसमुदाय. आर्यसमाजी वृत्तांत असा की, एका वेळी एकाच पंडिताने समोर येऊन बोलावे अशी व्यवस्था कोतवाल रघुनाथ प्रसाद यांनी केली होती. पण महाराज येताच ती टिकली नाही. चर्चाही मूळ प्रश्नावर स्थिर राहिली नाही. अखेर दिवेलागणीस माधवाचार्यांनी ‘पुराण’ शब्द असलेली पाने पुढे केली. स्वामी ती पाहत आहेत तोच विशुद्धानंद उठले, महाराजांनी टाळी वाजविली, आणि जयघोषाबरोबर दगडही येऊ लागले. कोतवालांनी स्वामींचे रक्षण केले.

पुढे उभय पक्षांनी आपापला विजय छापून प्रसिद्ध केला. प्रश्न मात्र जेथल्या तेथेच राहिला. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मूर्तिपूजेवर आपली श्रद्धा आहे, म्हणून काशीच्या त्या टाळीचा आपणांस अभिमान वाटण्याचे कारण नाही. उलट, पंडितांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते गोंगाटात बुडाले, ही आपलीच हानी झाली. ज्याने तराजू धरावयाचा त्यानेच पारड्यात हात घातला, तर जड ठरलेल्या पक्षाचेही खरे वजन कळत नाही.

पुण्यासही पुढे याचीच पुनरावृत्ती झाली. 1875 साली न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या निमंत्रणावरून स्वामी तेथे आले. त्यांची पंधरा व्याख्याने झाली व ती मराठीत छापलीही गेली. व्याख्याने चालू होती तोवर श्रोत्यांस विचार करण्यास अवसर होता. परंतु 5 सप्टेंबर रोजी स्वामींच्या सन्मानार्थ मिरवणूक निघाली. तीत रानडे व जोतीराव फुले सहभागी होते. विरोधकांनी गाढवाची ‘गर्दभानंद’ मिरवणूक काढली, आणि चिखल व दगड यांचा वर्षाव झाला. स्वामींच्या पंधरा व्याख्यानांचे उत्तर सोळाव्या व्याख्यानाने देता आले असते. तितके पुण्यात पांडित्य निश्चित होते.

यावरून घेण्यासारखा बोध साधा आहे. सभेस नियम हवेत. नियमावाचून सभेत मोठा आवाज तेवढा बोलतो आणि सौम्य माणूस घरी बसतो. पण ते नियम आधी सांगितलेले, दोन्ही पक्षांस सारखे आणि खुद्द अध्यक्षासही लागू असावेत. देवळाच्या सभामंडपात कोणी आपल्यास न रुचणारे बोलू लागला, तर त्यास थांबविण्यापूर्वी त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आपणांस सांगता येते काय, एवढे पाहावे. न्यायसूत्रांची अपेक्षा याहून फारशी निराळी नव्हती.