यकृतातला पहारेकरी

रात्री दुधाला विरजण लावले की सकाळी दही तयार. विरजणातले जंतू दुधातली साखर आंबवतात आणि तिचे लॅक्टिक आम्ल होते. दह्याचा आंबटपणा तो हाच. आपल्या पेशीही अडचणीच्या वेळी हाच मार्ग धरतात. जोरात धावताना प्राणवायू कमी पडला की स्नायूंमध्ये असेच घडते. प्राणवायू पुरेसा असेल, तर मात्र त्या साखरेचे पूर्ण ज्वलन करून पंधरापट किंवा त्याहूनही जास्त ऊर्जा मिळवतात.

१९२०च्या दशकात बर्लिनमधल्या डालेम येथे ऑटो वारबुर्ग हे जर्मन शास्त्रज्ञ उंदरांच्या गाठींच्या पातळ चकत्यांवर प्रयोग करत होते. त्यांना विचित्र गोष्ट दिसली. प्राणवायू भरपूर असूनही कर्करोगाच्या पेशी साखर आंबवतच होत्या! घरात सुकी लाकडे असताना पाचोळा जाळत बसावे, तसला हा प्रकार. या पेशींची श्वसनयंत्रणाच बिघडली असावी आणि तेच कर्करोगाचे मूळ असावे, असा निष्कर्ष वारबुर्ग यांनी काढला. १९३१ साली श्वसनाच्या विकरावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाबद्दलचे मत त्यांनी १९७०मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. पुढे कळले, की अशा अनेक पेशींचे श्वसन शाबूत असते. बदललेले असते ते साखरेवरचे नियंत्रण. मग ते बदलते कोण?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. आपल्या डीएनएतला जेमतेम दोन टक्के भाग प्रथिने बनवण्याच्या सूचना देतो. उरलेल्यातला बराचसा भाग १९७०च्या दशकापासून ‘अडगळ’ म्हणून हिणवला गेला. १९९३ साली व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत चिमुकला आरएनए दाखवून दिला. तो प्रथिन बनवत नव्हता. दुसऱ्या जनुकाचा संदेश अडवत होता. ‘कृमीची लहर’ म्हणून त्याकडे काही वर्षे दुर्लक्ष झाले. २०००मध्ये असाच एक आरएनए माणसातही आढळला आणि चित्र पालटले. या दोघांना नोबेल मिळाले ते २०२४ साली.

हे दोन्ही धागे यकृतात एकत्र आले. यकृत म्हणजे शरीराचा कोठावळा. जेवणानंतर साखर साठवायची, उपाशीपोटी ती मोजून द्यायची. यकृताच्या पेशींतल्या अशा चिमुकल्या आरएनएंपैकी सुमारे सत्तर टक्के एकाच जातीचे असतात. त्याचे नाव मायक्रोआरएनए-१२२. यकृताच्या अनेक कर्करोगांत त्याचे प्रमाण घटते. तो नसलेल्या उंदरांना यकृतात गाठी होतात, हे २०१२मध्ये दिसले. २०१४च्या एका अभ्यासात त्याचे साखरेशी असलेले नाते उघड झाले. पीकेएम२ हे साखर मोडणाऱ्या साखळीतले विकर कर्करोगाच्या पेशींना सोयीचे असते. हा आरएनए त्याची निर्मिती रोखतो. पहारेकरी गेला, की पीकेएम२ वाढते. प्रयोगशाळेत तो आरएनए परत दिल्यावर पीकेएम२ घटले आणि पेशींची वाढ मंदावली. अर्थात हा एकटाच पहारेकरी नाही. काही लांब आरएनए तर उलट चोराला साथ देतात.

मग असा आरएनए औषध म्हणून का देऊ नये? याच कुळातल्या दुसऱ्या एका आरएनएची यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर चाचणी झाली. रोगप्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे ती २०१६मध्ये थांबवावी लागली.

‘साखर बंद करा, कर्करोग उपाशी मरेल’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. पण आपण साखर खाल्ली नाही, तरी यकृत प्रथिनांपासून ती तयार करते. गाठ उपाशी राहत नाही. खंगतो तो रुग्ण. आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. वारबुर्ग यांनी पाहिले ते बरोबर होते, लावलेला अर्थ चुकला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे असे झाले, तर आपण घाईने अर्थ का लावावा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)