तज्ज्ञ नेमायचे कशाला?

कंपन्यांची कार्बन उत्सर्जन कमी करण्याची उद्दिष्टं तपासणारी जागतिक संस्था म्हणजे सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह. नियमांचे मसुदे तिथं आधी तज्ज्ञांच्या गटांपुढे जातात. पण 9 एप्रिल 2024 ला विश्वस्त मंडळानंच जाहीर केलं, की पुरवठा साखळीतल्या उत्सर्जनासाठी कार्बन क्रेडिटसारखी प्रमाणपत्रं चालतील. म्हणजे धूर तसाच, पावती फाडली की झालं! ठरलेली प्रक्रिया डावलली म्हणून कर्मचाऱ्यांनी मंडळाचे राजीनामे मागितले. तीन दिवसांत खुलासा आला, नियम बदललेले नाहीत. जुलैत संस्थेच्याच अहवालात आलं, अनेक क्रेडिट्स कुचकामी असल्याचे पुरावे आहेत.

समिती नेमायची नि ठराव आधीच ठरवायचा, हे मी सभांच्या बातम्या करताना खूप पाहिलंय. इथं आतली माणसं बोलली, म्हणून निभावलं. आपल्याकडं कोण बोलतं?