इंद्रायणीत बुडालेले रोखे

माउली, देहूला इंद्रायणीच्या डोहाशी उभे राहिले की तरलेल्या वह्या आठवतात. पण त्याच नदीत आणखी काही कागद पडले होते. ते वर यावेत अशी टाकणाऱ्याची इच्छाच नव्हती. ते होते सावकारीचे रोखे. आज त्यांचे स्मरण करू.

तुकोबांचे घर खातेपीते होते. गावची महाजनकी होती, दुकान होते, देणेघेणे होते. आईवडील गेले, थोरले सावजी घर सोडून गेले आणि १६२९ ते १६३१ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. गुरे मेली, व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, लेकरू संतूही गेले.

पाऊस पडला की दुष्काळ संपला असे आपण म्हणतो. पण घरातला दुष्काळ तेव्हा संपतो का? बैल विकलेला असतो, बियाणे पोटात गेलेले असते. मग पेरायचे कशाने? म्हणून कर्ज, त्यावर व्याज, शेवटी जमीन गहाण. एका वर्षाची आपत्ती अशी पिढ्यांची गरिबी होऊन बसते.

तुकोबांनी ही गोष्ट दोन्हीकडून पाहिली होती. ते सावकार होते आणि दुष्काळात होरपळलेले कुटुंबप्रमुखही होते. परंपरा सांगते, धाकट्या कान्होबांचा निम्मा वाटा त्यांनी त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत सोडले. दुसऱ्याच्या धनावर त्यांनी पुण्य केले नाही. शिवाय दिवाळे निघालेल्या माणसाकडे तेवढीच पुंजी उरली होती, हेही विसरू नका.

पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, याच पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी कर्जात बुडालेले शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी रोख्यांची होळी केली. हे लोण गावोगाव पसरले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. देहूत देणेकऱ्यांना सोडवायला सावकारच उठला. सुप्यात तसे कोणी उठले नाही, म्हणून देणेकरी उठले.

आजही गारपीट होते, अपघात होतो, घरचा कर्ता अचानक जातो. दहा दिवस आपण पिठलेभाकरी पोचवतो, ते चांगलेच. पण महिन्याने पुन्हा त्या दारी जा. पेरणीला बैल आहे का, पोराची शाळा सुटली तर नाही ना, व्याज कोणाचे चढते आहे, ते विचारा. दिंडीत पाय सुजलेल्याची पडशी कोणीतरी न सांगता उचलतो, तसेच हे.

आणि तो रोखा आपल्याच पेटीत असेल तर? माउली, इंद्रायणी अजून वाहते आहे.

राम कृष्ण हरि.