पुणे–नाशिक मार्ग

पुणे व नाशिक या शहरांना चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर आणि सिन्नरवरून जोडणारा महामार्ग, आणि याच दिशेने आखलेला पण अजून न झालेला लोहमार्ग. रस्त्याची लांबी सुमारे २१० किमी. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ५०, आता ६०. रेल्वेने जायचे तर आजही कल्याण किंवा दौंड-मनमाडचा वळसा पडतो.

पुण्याची उपनगरी रेल्वे म्हणजे १९७८ पासून धावणारी पुणे–लोणावळा लोकल. शहर मात्र गेल्या काही दशकांत उत्तरेकडे भोसरी, मोशी, चाकण असे वाढत गेले आणि ही सगळी वाढ एकट्या रस्त्याने पेलली. चाकणला मोटारींचे कारखाने आले. त्यांचे कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, तळेगाव–शिक्रापूर रस्त्याची आडवी वाहतूक आणि जुन्नर-आंबेगावहून येणारा शेतमाल, सारे चाकणच्या तळेगाव चौकात एकत्र येते. पुणे मेट्रो नाशिक फाट्यापाशी थांबते खरी, पण तिथून चाकणकडे वळत नाही. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव येथील बाह्यवळणांमुळे गावांतली कोंडी कमी झाली, खेड घाटही सुसह्य झाला. मात्र वाचलेला वेळ चाकण–मोशी टप्प्यात पुन्हा खर्ची पडतो. नाशिक फाटा ते खेड (राजगुरुनगर) या ३० किमीच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. अंदाजित खर्च ७,८२७ कोटी रुपये.

हा रस्ता किती जणांच्या पोटाशी बांधलेला आहे हे बोरी बुद्रुक (ता. जुन्नर) सारख्या गावातून नीट कळते. कुकडीकाठचे हे बागायती गाव. इथल्या शेतकऱ्याचा टोमॅटो क्रेटमध्ये भरून पिकअपने नारायणगावच्या उपबाजारात जातो. भाव २० किलोच्या क्रेटवर ठरतो आणि माल मुंबईकडे वा परराज्यांत रवाना होतो. मुंबईचा माल आळेफाट्याला कल्याण–अहिल्यानगर रस्ता धरून माळशेज घाट उतरतो, पुण्याचा चाकणमार्गे जातो. पिकलेला टोमॅटो कोंडीत थांबत नाही, तो क्रेटमध्येच दबतो. शिवाय गाडी उशिरा पोहोचली की सकाळचा बाजार हुकतो आणि भाव पडतो. महाविद्यालय, मोठे रुग्णालय, न्यायालय, नोकरी यांसाठीही पुणेच गाठावे लागते, आणि त्यासाठी एसटी किंवा खासगी वाहन याखेरीज साधन नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हद्द खेड तालुक्याच्या काही भागापर्यंतच आहे. आंबेगाव व जुन्नर तिच्याबाहेर आहेत. महानगराच्या वाहतूक आराखड्यात या तालुक्यांचा विचार कमी होतो, त्याचे हे एक कारण मानता येईल.

लोहमार्गाची मागणी कित्येक दशकांची आहे. राज्य शासन व रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीतील ‘महारेल’ने तिला ठोस रूप दिले : सुमारे २३५ किमीचा दुहेरी, विद्युतीकृत ब्रॉडगेज मार्ग, ताशी २०० किमी वेग, २४ स्थानके, सुमारे १६,००० कोटी रुपये खर्च आणि पावणेदोन तासांचा प्रवास. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही स्थानके त्यात होती. काही गावांत जमिनींची खरेदीखतेही झाली.

अडसर आला तो याच पट्ट्यातील खोडद (ता. जुन्नर) येथील ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीचा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या वेधशाळेत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी दाटीने, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी कमालीच्या क्षीण असतात. विजेवरच्या गाडीचा पँटोग्राफ तारेवर घासताना उडणाऱ्या ठिणग्या आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याच लहरींत गोंगाट मिसळतात. शहरी गोंगाट कमी म्हणूनच ही जागा निवडली गेली होती. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नातही या दुर्बिणीची निरीक्षणे वापरली गेली. तिचा आक्षेप शास्त्रीय आहे. त्याला विकासविरोध म्हणणे अन्यायाचे ठरेल.

या आक्षेपानंतर रेल्वे मंत्रालयाने अहिल्यानगर–शिर्डीमार्गे पर्याय पुढे आणला. त्याने नाशिक पुण्याला जोडले जाईल, शिर्डीच्या भाविकांचीही सोय होईल. पण चाकणचा कामगार, मंचरचा विद्यार्थी आणि बोरीचा टोमॅटो उत्पादक यांच्यासाठी काहीच बदलणार नाही, कारण ज्या रस्त्यावर भार आहे तो तसाच राहील. जुन्नर, आंबेगाव, खेड व संगमनेर तालुक्यांतून मूळ मार्गाचा आग्रह धरला जातो तो यामुळेच, आणि तो रास्त आहे. वेधशाळेपासून पुरेसे अंतर राखून याच पट्ट्यातून लोहमार्ग नेणे हा तांत्रिक आखणीचा प्रश्न आहे. सारा पट्टाच वगळणे हे त्याचे उत्तर नव्हे.